वही मिट आधी

वही मिट आधी.
बसमधून उतरल्यापासून विचारतोयस
इथे काय खावं, कुठे, केवढ्याला.
यादी नाही माझ्याकडे.
मुसळ आहे. धर.

हे उखळ सासूचं, महोगनीचं.
तिच्याआधी कुणाचं, तिलाही ठाऊक नव्हतं.
आम्ही याला हाना म्हणतो.
आत उकडलेली केळी, चार हिरवी, एक पिकलेलं.
(पिकलेलं कशाला? बरं, तू कशाला आलास?)
कांड.
असं नाही. मनगटानं नाही, कमरेतून.
उखळात डोकं घातल्यावर घाव मोजू नयेत.

थांब, ऐक जरा.
या वेळेला सगळी गल्ली कांडत असते.
तो घाईचा आवाज युलोजियाचा,
तिला शाळेच्या स्वयंपाकाला जायचंय.
आणि तो लांबचा, एक ठोका,
मग बराच वेळ काही नाही, मग एक ठोका,
तो म्हातारा सोतेरो.
बायको गेल्यापासून स्वतःच कांडतो,
गाठी राहतात.
कुणी सांगत नाही त्याला.

मासा सकाळचा आहे, डोळे बघ त्याचे.
खोबऱ्याचं दूध चुलीवर आहे,
मी ढवळते म्हणून तुझ्याकडे बघत नाहीये.
फाटलं तर संपलं,
मग तू गावभर सांगशील
दोन्या क्लोतिल्दाला कालवण येत नाही.
चमचा? चमचा नाही मिळायचा.
गोळा तोड, बोटांनी खळगा कर,
रस्सा कोपरापर्यंत आला तरच जेवलास.

एरेबा हवा तर शनिवारपर्यंत राहा.
नोल्बर्ताच्या छपराखाली पहाटे तीनपासून
सात बायका कसावा किसतात,
दगडाच्या कपच्या रोवलेल्या फळीवर.
कीस भरतात विणलेल्या लांब नळीत,
ती झाडाला टांगतात अजगरासारखी,
खालच्या दांड्यावर पोरं बसवतात, वजनाला.
पाणी गळतं.
तेव्हा कोंबड्या हाकलायच्या.
ते पाणी विष आहे.
आमची भाकरी अशी: आधी विष पिळायचं,
मग चाळायचं, मग तव्यावर,
बैलगाडीच्या चाकाएवढी.
पहिला घास तुला पुठ्ठा वाटेल.
सगळ्यांना वाटतो.
तोंड वाकडं न करता चावत राहा.

बेटावरून हाकललं तेव्हा, म्हणतात,
बायकांनी कसावा लुगड्यात लपवला,
आणि जहाजाच्या पोटात
त्यांच्या घामावर तो जगला.
खरं का?
मी आत्याला विचारलं होतं.
ती म्हणाली, तू आत्ता काय खातेयस?

हं, आता जमतंय तुला थोडं.
थांबू नकोस.

माझा एलेन्सिओ ब्रॉन्क्सला असतो, आठव्या मजल्यावर.
उखळ नेलं होतं त्यानं,
पेटीत, कपड्यांच्या मधोमध.
पहिल्याच रविवारी खालच्यांनी पोलीस बोलावले.
मग मिक्सरमध्ये फिरवून बघितलं.
म्हणाला, आई, लापशी झाली.
आता त्या उखळात छत्र्या ठेवतो.

तिथे बर्फ पडला की फोन करतो,
बोलत नाही फारसं.
मी फोन खिडकीत ठेवते
आणि कांडते.

बघ, तिकडे खिडकीत.
मघापासून चालू आहे.

विचारतोय, कोण आहे गं ते,
ठोका चुकतोय.
म्हटलं, पाहुणा आहे, शिकतोय.
म्हणतो, चुकू दे,
त्याला थांबवू नकोस.

हात धू आता. कडू दारू नंतर, एकच घोट,
मुळ्या माझ्या आहेत, डोकं तुझं.
परतीचं विमान तिकडूनच जातं ना?
ही भाकरी वर्षभर टिकते,
तिला भूक लागत नाही, व्हिसा लागत नाही.
दोन ने. एक वाटेत मोडेल.

उघड वही.
पत्ता लिहून घे.